जुन्या लॅपटॉपचा पडदा: ग्राफिक्स चिप आणि तिचा ड्रायव्हर

लॅपटॉपच्या पडद्यावर जे काही दिसते ते लाखो ठिपक्यांचे बनलेले असते. १३६६ गुणिले ७६८ असा साधा पडदा घेतला तरी त्यावर साधारण साडेदहा लाख ठिपके भरतात, आणि सेकंदाला साठ वेळा ते नव्याने उमटवावे लागतात. हे काम ग्राफिक्स चिप करते. कोणत्या ठिपक्याचा रंग कोणता हे मेमरीत मांडलेले असते. चिप ते वाचते आणि पडद्याकडे रवाना करते. खिडक्या एकमेकींवर सरकवणे, अक्षरांच्या कडा मऊ करणे, व्हिडिओ उलगडणे, त्रिमितीय आकृती फिरवणे ही जड कामेही तिच्याच वाट्याला येतात. पण चिपला कोणीतरी हुकूम द्यावा लागतो. विंडोज किंवा लिनक्सचे म्हणणे त्या विशिष्ट चिपला कळेल अशा हुकमांत उतरवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. चिप ठणठणीत असूनही ड्रायव्हर नसेल तर लॅपटॉप अर्धा पांगळा होतो. जुन्या लॅपटॉपांच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच घडते: यंत्र टिकते, ड्रायव्हर संपतो.

डेस्कटॉपमधले जुने ग्राफिक्स कार्ड काढून नवे बसवता येते. लॅपटॉपमध्ये तशी सोय जवळपास नसतेच. मोजके जाडजूड वर्कस्टेशन लॅपटॉप सोडले तर ग्राफिक्स चिप मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते, आणि २०११ नंतरच्या बहुतेक यंत्रांत ती प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर कोरलेली असते. रॅम वाढवता येते, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकता येते, बॅटरी आणि कीबोर्ड बदलता येतो. ग्राफिक्स चिप मात्र जन्मभराची. त्यामुळे जुना लॅपटॉप अजून किती वर्षे कामाला येईल हे प्रोसेसरच्या वेगाइतकेच, किंबहुना थोडे जास्तच, या चिपवर आणि तिला मिळणाऱ्या ड्रायव्हरवर ठरते.

असे जुने लॅपटॉप कसे आणि कुठे पोचतात हे पाहायला एक गाव घेऊ. नीरा आणि भीमा यांच्या संगमावरचे नरसिंहपूर इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला आहे. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. अशा गावात येणारा लॅपटॉप पुष्कळदा कोरा नसतो. कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेले लॅटिट्यूड, थिंकपॅड, एलिटबुक असे लॅपटॉप साफसूफ करून पुण्याच्या बाजारात पुन्हा विकले जातात. बारामतीला किंवा पुण्याला शिकायला गेलेली मुले ते घेतात. शिक्षण संपले की तोच लॅपटॉप घरी येतो आणि धाकट्या भावंडाच्या अभ्यासाला, दुकानाच्या हिशेबाला नाहीतर सातबारा पाहायला लागतो. बिघडला तर इंदापूर, अकलूज किंवा बारामती गाठावी लागते. तिथे पहिला उपाय असतो फॉरमॅट मारण्याचा, आणि ग्राफिक्सचे प्रश्न पुष्कळदा तिथूनच सुरू होतात.

फॉरमॅट मारून नवे विंडोज टाकले आणि चिपचा ड्रायव्हर बसला नाही, की विंडोज स्वतःजवळचा ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ नावाचा तात्पुरता ड्रायव्हर लावते. याची लक्षणे ठळक असतात. चिन्हे आणि अक्षरे फुगीर, आडवी ताणलेली दिसतात, कारण पडदा १३६६ ठिपक्यांचा असूनही चित्र १०२४ गुणिले ७६८ चे पाठवले जाते. प्रकाश कमी-जास्त करायची पट्टी चालत नाही. ‘स्लीप’चा पर्याय गायब होतो. पान वर-खाली सरकवताना पडदा फाटल्यासारखा लाटा मारतो, पंखा सतत घोंघावतो, कारण चिपचे सगळे काम आता प्रोसेसर करत असतो. लॅपटॉप म्हातारा झाला असा समज अशा वेळी सहज होतो. प्रत्यक्षात एक ड्रायव्हर टाकायचा राहिलेला असतो.

कोणता ड्रायव्हर हवा हे ओळखण्याची खात्रीची रीत एकच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ उघडायचे, गुणधर्मांत ‘डिटेल्स’मध्ये जाऊन ‘हार्डवेअर आयडी’ वाचायचा. त्यात दोन सांकेतिक क्रमांक असतात: पहिला कंपनीचा, दुसरा चिपचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी किंवा तिने २००६ मध्ये विकत घेतलेली एटीआय. पुढचा क्रमांक २७ए२ असेल तर ती इंटेलची जीएमए ९५०, २ए४२ असेल तर जीएमए ४५०० मालिकेतली, ०१६६ असेल तर एचडी ४०००. लिनक्समध्ये हीच माहिती ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा देते. लॅपटॉपच्या झाकणावरचा स्टिकर किंवा विक्रेत्याचे सांगणे यांपेक्षा हा क्रमांक भरवशाचा. पेटीवरचे नाव बदलते, चिपने स्वतः सांगितलेला क्रमांक बदलत नाही.

भारतात जुन्या बाजारात फिरणाऱ्या लॅपटॉपांत इंटेलच्या चिपांचा भरणा मोठा आहे. २००५ च्या सुमाराची जीएमए ९००, २००६ ची जीएमए ९५०, २००७ ची एक्स ३१०० आणि २००८ ची ४५०० एमएचडी या चारही चिपा प्रोसेसरपासून वेगळ्या, मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये असत. त्यांना स्वतःची मेमरी नव्हती. लॅपटॉपच्या रॅममधलाच वाटा त्या उचलत. २०१० मध्ये ग्राफिक्सचा तुकडा प्रोसेसरच्या आवरणात आला आणि २०११ च्या ‘सँडी ब्रिज’ पिढीत, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या आय-३, आय-५ प्रोसेसरांत, एकाच सिलिकॉनवर उतरला. तीच एचडी ३०००. पुढच्या वर्षीची एचडी ४०००. रॅम वाटून घेण्याची पद्धत मात्र कायम राहिली, आणि त्यातून एक स्वस्त उपाय निघतो: रॅमच्या दोन खाचांपैकी एकच भरलेली असेल तर दुसरीत तितक्याच क्षमतेची पट्टी टाकावी. दोन पट्ट्यांतून एकाच वेळी वाचता येऊ लागल्याने चिपला मिळणारा डेटाचा रस्ता दुप्पट रुंद होतो. ग्राफिक्स चिप न बदलता तिचा वेग वाढवण्याचा एवढा सोपा मार्ग दुसरा नाही.

या सगळ्या कुळात एक फसवी शाखा आहे. लहान, स्वस्त नेटबुकांसाठीच्या अ‍ॅटम प्रोसेसरांबरोबर इंटेलने कधी स्वतःची, तर कधी इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या ब्रिटिश कंपनीची ‘पॉवरव्हीआर’ ग्राफिक्स रचना वापरली. २००८ ची जीएमए ५०० आणि २०११ च्या शेवटी आलेली जीएमए ३६०० या पॉवरव्हीआरच्या. मधली २०१० ची जीएमए ३१५० मात्र इंटेलची स्वतःची. नावावरून हा फरक कळत नाही. परिणाम मोठा झाला. जीएमए ३६०० साठी इंटेलने ३२-बिट विंडोज ७ पुरताच पूर्ण ड्रायव्हर दिला. त्यापुढच्या प्रत्येक विंडोजमध्ये ती चिप अनाथ आहे. लिनक्समध्येही तिच्यासाठी जो ‘जीएमए ५००’ ड्रायव्हर २०११ मध्ये आला तो पडदा नीट पेटवतो, पण त्रिमितीय चित्राला किंवा व्हिडिओला वेग देत नाही, कारण चिपची अंतर्गत माहिती दुसऱ्या कंपनीच्या मालकीची होती. तिच्याहून जुनी, तिच्याहून दुबळी ३१५० मात्र लिनक्सवर आजही सरळ चालते. नव्याने आलेली चिप आधी निकामी होते आणि जुनी टिकते, असे या क्षेत्रात अनेकदा घडले आहे. ते का, हे समजण्यासाठी ड्रायव्हर कोण लिहितो आणि कोणाच्या हाती राहतो हे पाहावे लागते.

विंडोजसाठीचा ड्रायव्हर चिप बनवणारी कंपनी लिहिते आणि त्याचा स्रोत स्वतःकडे ठेवते. विंडोजची अंतर्गत रचना बदलली की ड्रायव्हर नव्याने लिहावा लागतो. असा सर्वांत मोठा बदल २००७ च्या जानेवारीत बाजारात आलेल्या व्हिस्टाबरोबर झाला. तिने ग्राफिक्स ड्रायव्हरची पद्धतच पालटली. जीएमए ९०० ला नव्या पद्धतीचा ड्रायव्हर कधीच मिळाला नाही, तरीही त्या चिपचे लॅपटॉप ‘व्हिस्टा केपेबल’ असा स्टिकर लावून विकले गेले होते. त्यावरून अमेरिकेत मायक्रोसॉफ्टवर ग्राहकांनी खटला भरला. नवे विंडोज आले की जुन्या चिपसाठी पुन्हा श्रम करण्यात कंपनीला काही मिळकत नसते. ग्राहक पैसे देऊन मोकळा झालेला असतो.

एचडी ३००० चे उदाहरण नरसिंहपूरसारख्या ठिकाणी जास्त उपयोगी, कारण त्या पिढीचे लॅपटॉप अजून पुष्कळ फिरतात. इंटेलने तिच्यासाठी विंडोज १० चा अधिकृत ड्रायव्हर काढलाच नाही. विंडोज अपडेटमधून आधीच्या विंडोजसाठीचाच ड्रायव्हर उतरतो आणि रोजच्या कामाला पुरतो. म्हणून फॉरमॅटनंतर लॅपटॉप थेट इंटरनेटला जोडून अपडेट पूर्ण होऊ द्यावे, आणि ते जमले नाही तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून ड्रायव्हर घ्यावा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ देणारे फुकट प्रोग्राम टाळावेत. त्यांच्याबरोबर नको ते बरेच काही लॅपटॉपमध्ये शिरते आणि चुकीचा ड्रायव्हर बसला तर पडदा काळाच राहतो. तसे झालेच, तर सेफ मोडमध्ये जाऊन डिव्हाइस मॅनेजरमधून तो ड्रायव्हर काढता येतो; पुन्हा फॉरमॅट मारायची गरज नसते.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला डायरेक्टएक्स १२ जाणणारी चिप आणि नव्या पद्धतीचा ड्रायव्हर लागतो. इंटेल प्रोसेसर असेल तर मोजके अपवाद सोडून तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. एचडी ३००० डायरेक्टएक्स १०.१ वर आणि एचडी ४००० डायरेक्टएक्स ११ वर थांबते. म्हणजे हे लॅपटॉप त्या दारातून आत जाऊ शकत नाहीत. युक्त्या करून ११ बसवणारे दुकानदार भेटतात, पण त्याने चिपला नवा ड्रायव्हर मिळत नाही.

लिनक्समध्ये चित्र निराळे आहे. तिथे ड्रायव्हरचे दोन भाग असतात. एक भाग ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये राहतो; पडद्याची मापे ठरवणे, मेमरी वाटणे, झोपणे-जागे होणे हे तो पाहतो. इंटेलसाठी हे काम कर्नलने २००९ मध्ये आपल्याकडे घेतले. दुसरा भाग ‘मेसा’ नावाच्या संग्रहात असतो. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये एकट्याने सुरू केलेला हा प्रकल्प आता जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतो आणि त्रिमितीय चित्रांचे हुकूम चिपच्या भाषेत उतरवतो. दोन्हींचा स्रोत खुला आहे. त्यामुळे कंपनीने लक्ष काढून घेतले तरी दुसरा कोणीतरी ते काम पुढे नेऊ शकतो, आणि नेले गेलेही आहे. रेड हॅटमधील डेव्ह एअरली यांनी २०२१ मध्ये ‘क्रोकस’ नावाचा नवा ड्रायव्हर मेसात आणला, तो एक्स ३१०० पासून एचडी ४००० आणि तिच्या लगतच्या पिढीपर्यंतच्या चिपांसाठी. जवळपास पंधरा वर्षे आधी विकल्या गेलेल्या चिपसाठी कोणी नवा ड्रायव्हर लिहावा याला व्यापाराच्या हिशेबात जागा नाही. खुल्या स्रोताची खरी किंमत इथे दिसते.

याचा परिणाम मोजता येतो. ओपनजीएल ही त्रिमितीय चित्रांसाठीची प्रमाणित पद्धत. विंडोजवर इंटेलच्या शेवटच्या ड्रायव्हरसह एचडी ३००० ओपनजीएल ३.१ पर्यंत पोचते. लिनक्सवर तीच चिप ३.३ पर्यंत. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या मोफत सॉफ्टवेअरच्या २.८० या आवृत्तीला ३.३ लागत होते. म्हणजे अ‍ॅनिमेशन शिकू पाहणाऱ्या मुलाला त्याच लॅपटॉपवर, त्याच चिपवर, एका बाजूला ‘तुमचे ग्राफिक्स चालणार नाही’ असा निरोप मिळे आणि दुसऱ्या बाजूला काम सुरू होई. सिलिकॉन दोन्हीकडे तेच. लिनक्सचा कारभारही अनंत काळाचा नाही, हेही खरे: २०२२ मध्ये मेसाने फार जुने, जुन्या धाटणीचे ड्रायव्हर मुख्य प्रवाहातून काढून ‘अंबर’ नावाच्या वेगळ्या शाखेत ठेवले. पण ठेवले; फेकून दिले नाहीत.

एनव्हिडियाच्या चिपांचा अनुभव कडवट आहे. या कंपनीचे अभियांत्रिकी कार्यालय पुण्यातही आहे आणि तिच्या नव्या चिपांचा दबदबा जगभर आहे. जुन्या लॅपटॉपांसाठी मात्र तिचे दार फार काळ बंद राहिले. जीफोर्स ८ मालिकेपासून ३०० मालिकेपर्यंतच्या चिपांसाठीचा लिनक्सवरचा शेवटचा अधिकृत ड्रायव्हर, ३४०.१०८, डिसेंबर २०१९ चा आहे. कर्नल पुढे गेला, ड्रायव्हर तिथेच राहिला, आणि नव्या कर्नलवर तो मुळात बसतच नाही. मग उरतो ‘नुव्हो’ हा खुला ड्रायव्हर. कंपनीने कागदपत्रे न दिल्यामुळे त्याच्या लेखकांनी चिपला हुकूम देऊन ती काय करते याची नोंद ठेवत, उलट दिशेने तिची रचना शोधून काढली. २०१० मध्ये तो कर्नलमध्ये आला. साध्या कामाला तो चांगला आहे. पण अनेक चिपा त्याच्या हाताखाली सुरू होतानाच्या कमी वेगावरच अडकतात. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जून २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात भर सभेत एनव्हिडियाचा उद्धार केला तो याच आडमुठेपणाबद्दल. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलचा भाग खुला केला, पण २०१८ च्या ‘ट्युरिंग’ पिढीपासून पुढचाच. एटीआयची मालक झालेल्या एएमडीने मात्र सप्टेंबर २००७ मध्येच चिपांची कागदपत्रे प्रसिद्ध करायला सुरुवात केली होती. म्हणून जुने रेडिऑन असलेले लॅपटॉप लिनक्सवर सहसा त्रास देत नाहीत, जरी विंडोजवर त्यांचा आधार कधीच थांबला आहे.

काही लॅपटॉपांत दोन चिपा असतात: रोजच्या कामाला इंटेलची, जड कामाला एनव्हिडियाची. एनव्हिडियाने २०१० मध्ये ‘ऑप्टिमस’ ही पद्धत आणली. तिच्यात बहुधा पडद्याची तार इंटेलच्या चिपला जोडलेली असते. एनव्हिडियाची चिप चित्र तयार करते आणि ते इंटेलमार्फतच पडद्यावर जाते. जुन्या लॅपटॉपच्या मालकासाठी ही रचना वरदान आहे. एनव्हिडियाची चिप जळाली किंवा तिचा ड्रायव्हर संपला तरी बायोसमध्ये किंवा ड्रायव्हर काढून ती गप्प करता येते आणि लॅपटॉप इंटेलवर वर्षानुवर्षे चालतो. ‘ग्राफिक्स कार्ड गेले, मदरबोर्ड बदला’ असे ऐकून खर्चात पडण्याआधी हे तपासून घ्यावे.

महाराष्ट्रात या सगळ्या प्रश्नांना आरंभापासून वेगळे उत्तर देऊ पाहणारा एक लॅपटॉप येऊन गेला. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात या छोट्या गावाच्या प्राथमिक शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. मुलांच्या हाती पडलेले हिरवे-पांढरे ‘एक्सओ’ यंत्र अत्यंत काटकसरीचे होते: ४३३ मेगाहर्ट्‌झचा एएमडी जिओड प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, हार्ड डिस्क नाहीच. जिओडमधल्या ग्राफिक्स भागाला त्रिमितीय चित्र काढता येत नव्हते. तरी पडदा साडेसात इंची आणि १२०० गुणिले ९०० ठिपक्यांचा, म्हणजे त्या वेळच्या पुष्कळ महागड्या लॅपटॉपांहून दाट. मेरी लू जेप्सन यांनी आखलेल्या या पडद्याची दोन रूपे होती. घरात पाठीमागचा दिवा लावला की रंगीत. दिवा बंद करून भर उन्हात अंगणात नेला की सूर्याच्याच प्रकाशावर वाचता येणारा, काळा-पांढरा आणि अधिक रेखीव. प्रोसेसर झोपलेला असतानाही चित्र टिकवून धरणारी वेगळी चिप त्यात होती, त्यामुळे मूल पान वाचत असेल तोवर बाकीचे यंत्र वीज न खाता थांबू शके. ड्रायव्हर खुले होते. पण चिपच थांबली: जिओडला वारस नाही असे एएमडीने २००९ मध्ये जाहीर केले. एक्सओच्या पुढच्या आवृत्तीला व्हीआयए कंपनीची चिप घ्यावी लागली, त्याच्या पुढचीला मार्व्हेलची, आणि दर वेळी ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने घडवावा लागला. उन्हात वाचता येणारा पडदा आपल्या हवामानात किती मोलाचा आहे हे लक्षात घेतले, तर ती वाट पुढे रुळली नाही याची हळहळ वाटते.

पडद्यावरच्या मराठीचाही ग्राफिक्स हार्डवेअरशी एके काळी थेट संबंध होता. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांच्या पुढाकाराने देवनागरी टर्मिनल घडले, १९८३ च्या दिल्लीतल्या विश्व हिंदी संमेलनात ते दाखवले गेले, आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम तिथे ‘जिस्ट’ म्हणून पुढे गेले. जिस्ट हे संगणकाच्या आत बसवायचे कार्ड होते. जोडाक्षरे, वेलांट्या, रफार यांची जुळणी ते करून देत असे. २००० च्या विंडोजपासून देवनागरी ऑपरेटिंग सिस्टिममध्येच आली आणि कार्डाची गरज संपली. लिनक्सवर रेड हॅटच्या ‘लोहित’ टंकांनी तेच काम केले. आता ‘क्ष्म्य’ कसा जुळवायचा हे प्रोसेसर ठरवतो. ग्राफिक्स चिपकडे तयार अक्षराचे चित्र जाते आणि ती ते जागेवर ठेवते. त्यामुळे कितीही जुन्या चिपवर मराठी मजकूर अडत नाही. मराठी पान संथ वाटले तर कारण दुसरीकडे असते.

ते कारण बहुधा ब्राउझर असते. आजचे ब्राउझर पान रंगवण्याचे काम ग्राफिक्स चिपवर टाकतात, पण ज्या चिपांच्या ड्रायव्हरमध्ये दोष आढळले त्यांची यादी ते बाळगतात आणि यादीतली चिप दिसली की सगळे काम गुपचूप प्रोसेसरकडे वळवतात. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत ‘क्रोम’, अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा आणि ‘जीपीयू’ असे इंग्रजीत टाइप केले तर कोणते काम चिपवर आणि कोणते प्रोसेसरवर चालले आहे हे दिसते. व्हिडिओचा मामला याहून सोपा. एचडी ३००० आणि तिच्या पुढच्या चिपा एच.२६४ पद्धतीचा व्हिडिओ स्वतः उलगडतात. यूट्यूब मात्र बहुधा व्हीपी९ किंवा एव्ही१ पद्धतीने व्हिडिओ पाठवते. व्हीपी९ पूर्णपणे उलगडणारी इंटेलची चिप सातव्या पिढीपासून येते, एव्ही१ची अकराव्या पिढीपासून. जुन्या लॅपटॉपवर हे ओझे प्रोसेसरवर पडते आणि तासाभराचे व्याख्यान पाहताना यंत्र तापते. ब्राउझरमध्ये एच.२६४ चीच मागणी करणारे छोटे एक्स्टेन्शन टाकले, किंवा व्हिडिओ ४८० वर ठेवला, की तोच लॅपटॉप शांत होतो.

ताप हा चिपचा खरा शत्रू. इंदापूर-बारामतीकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, ऊसतोडीच्या हंगामात वाहनांची धूळ आणि पेटवलेल्या पाचटाची काजळी हवेत असते, आणि लॅपटॉपचा पंखा तीच हवा आत ओढतो. पंख्यासमोरच्या बारीक तांब्याच्या पात्यांवर दोन-तीन वर्षांत नमद्यासारखा थर बसतो. चिप आणि तांब्याची नळी यांच्यामधली थर्मल पेस्ट सुकून खडूसारखी होते. वर्षातून एकदा लॅपटॉप उघडून पाती साफ करणे आणि पेस्ट बदलणे हे नवा ड्रायव्हर शोधण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

तापाने काय होते याचा मोठा धडा २००८ मध्ये मिळाला. ग्राफिक्स चिपचे सिलिकॉन तिच्या हिरव्या पायाशी सोल्डरच्या अतिसूक्ष्म टिपक्यांनी जोडलेले असते आणि त्यांच्याभोवती आधाराला रेझिन भरलेले असते. एनव्हिडियाच्या त्या काळच्या काही लॅपटॉप चिपांत हे रेझिन गरम झाल्यावर फार मऊ पडे. लॅपटॉप रोज तापून गार होताना टिपक्यांना तडे जात आणि एके दिवशी पडद्यावर रंगीत पट्टे येऊन चित्र बंद होई. २ जुलै २००८ रोजी कंपनीने त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. डेल, एचपी, अ‍ॅपल या सगळ्यांचे लॅपटॉप त्यात सापडले. दुरुस्तीच्या दुकानात अशा चिपला ‘हीट मारतात’ किंवा ‘रीबॉलिंग’ करतात. हीट मारल्याने तडे तात्पुरते सांधतात आणि लॅपटॉप काही आठवडे, फार तर काही महिने चालतो. रीबॉलिंगमध्ये बदलले जातात ते चिपच्या पायाखालचे मोठे गोळे. तडा तर वरच्या, सिलिकॉनला चिकटलेल्या टिपक्यांत असतो. म्हणून २००७-०८ च्या एनव्हिडिया लॅपटॉपवर या कामासाठी पैसे घालणे शहाणपणाचे नाही.

पडदा गेला म्हणजे चिप गेली असेही नसते, आणि हे घरच्या घरी तपासता येते. लॅपटॉपच्या व्हीजीए किंवा एचडीएमआय सॉकेटला बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडावा. तिथे चित्र स्वच्छ आले तर चिप आणि ड्रायव्हर ठीक. दोष पडद्यात किंवा बिजागरीतून जाणाऱ्या तारेत आहे. झाकण मागे-पुढे करताना चित्र येत-जात असेल तर तार नक्की. पडदा पूर्ण काळा दिसत असेल तर अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहावे. अंधूक चित्र दिसले तर फक्त मागचा दिवा गेला आहे. साधारण २०१० च्या आधीच्या लॅपटॉपांत हा दिवा म्हणजे बारीक नळी आणि तिला वीज पुरवणारी इन्व्हर्टरची छोटी पट्टी. ती पट्टी मदरबोर्डच्या मानाने फार स्वस्तात बदलते. बाहेरच्या मॉनिटरवरही तेच पट्टे, तेच ठिपके उमटले तरच चिपवर संशय घ्यावा.

जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्याने म्हणून तीन गोष्टी तिथल्या तिथे पाहाव्यात: हार्डवेअर आयडी, रॅमच्या दोन्ही खाचा, आणि बाहेरच्या मॉनिटरवरचे चित्र. विंडोजच हवे असेल आणि पुढची काही वर्षे अपडेट मिळायला हवे असतील, तर आठव्या पिढीच्या खाली जाण्यात अर्थ नाही. लिनक्स चालणार असेल तर फक्त इंटेल ग्राफिक्स असलेला, एचडी ४००० किंवा त्यापुढचा लॅपटॉप अभ्यास, हिशेब, पत्रव्यवहार आणि व्हिडिओ यांना आजही पुरेसा आहे. जीएमए ९५० ते ४५०० च्या यंत्रांवर हलका लिनक्स बसवून लिहिणे-वाचणे होते. अर्थात प्रोसेसर ६४-बिटचा आहे की नाही हे आधी पाहावे, कारण बहुतेक लिनक्स वितरणांनी ३२-बिटचा आधार सोडला आहे. लिनक्स सुरू होतानाच पडदा काळा पडला तर बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडून आत शिरता येते. हा तात्पुरता मार्ग आहे. तो कायम ठेवला तर चिपचा ड्रायव्हर कधीच जागा होत नाही.

ज्या लॅपटॉपची चिप खरोखर मेली त्याचा पडदा, रॅम, अडॅप्टर आणि कीबोर्ड त्याच मॉडेलच्या दुसऱ्या यंत्राला लागू पडतात, आणि दुरुस्तीची दुकाने ते विकत घेतात. उरलेल्या मदरबोर्डसाठी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम आहेत. त्यांनुसार वस्तू बनवणाऱ्या कंपनीवरच तिच्या पुनर्वापराची जबाबदारी आहे, आणि नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच तो जायला हवा. मागे नळीचा दिवा असलेल्या जुन्या पडद्यांत पारा असतो आणि २००६ च्या आधीच्या सोल्डरमध्ये शिसे. असा पडदा किंवा बोर्ड उकिरड्यावर फुटला किंवा तांब्यासाठी जाळला गेला तर ते मातीत आणि पाण्यात उतरते.